सुरतेच्या आगीनंतर जमिनीखाली पाहायचे राहूनच गेले

सुरतेच्या सरथाणा जकात नाक्याजवळील तक्षशिला आर्केड या इमारतीला २४ मे २०१९ रोजी दुपारी आग लागली आणि वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गातील बावीस मुलांचा त्यात बळी गेला. काही गुदमरून गेली, काही भाजून गेली, काहींनी जीव वाचवण्यासाठी खाली उड्या घेतल्या. त्या उड्यांची दृश्ये देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. गच्चीवरचे अनधिकृत छप्पर, जळून गेलेला लाकडी जिना, वेळेवर न पोहोचलेली शिडी या गोष्टी पुढचे अनेक महिने चर्चेत राहिल्या. गुजरातभर शिकवणी वर्ग बंद करण्यात आले, इमारतींना टाळी ठोकण्यात आली, अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्यांची तपासणी झाली. आग लागली कशी, या प्रश्नाला प्राथमिक तपासात दोन शब्दांचे उत्तर मिळाले: शॉर्ट सर्किट. त्या दोन शब्दांपाशी सार्वजनिक कुतूहल संपले.

हे आपल्याकडे नेहमीच होते. ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द आपण ‘देवाची करणी’ या अर्थाने वापरतो. आग लागली, कारण शॉर्ट सर्किट झाले. ते का झाले, झाल्यावर वीज क्षणार्धात खंडित का झाली नाही, हे कोणी विचारत नाही. सुरतेनंतर पाच वर्षे आणि एक दिवस उलटला, तेव्हा २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या खेळघरात सत्तावीस जण जळून मेले. तेथील आगीचे कारण वेगळे होते, वेल्डिंगच्या ठिणग्यांचे. पण नंतरची कारवाई तीच होती. पुन्हा टाळी, पुन्हा दाखले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरतेच्या रिंग रोडवरील शिवशक्ती टेक्स्टाईल मार्केट पेटले आणि शेकडो दुकानांतील माल राख झाला. ज्या शहरातून गोव्यातील लहानमोठ्या दुकानांत साड्या आणि ड्रेसचे कापड येते, त्या शहराच्या बाजारपेठेतील ही आग होती.

तक्षशिलेची आग सदोष अर्थिंगमुळे लागली, असा दावा येथे करायचा नाही. मुद्दा निराळा आहे. इमारतीतील विजेचा दोष हा आगीत किंवा धक्क्यात परिवर्तित होण्यापूर्वी त्याला अडवणारी जी यंत्रणा असते, तिचा मोठा भाग जमिनीखाली पुरलेला असतो. जिना किती रुंद आहे हे तपासनीसाला दिसते. गच्चीवरचे छप्पर उपग्रहावरूनही दिसते. आवारातील फरशीखाली गाडलेली जस्ताच्या मुलाम्याची नळी शाबूत आहे की गंजून गेली, हे कोणालाच दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते आपल्या प्रशासनाच्या तपासणी-यादीत बहुधा नसतेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार देशात दरवर्षी बारा ते तेरा हजारांच्या आसपास माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. दिवसाला तीसहून अधिक. यांपैकी कोणत्याही एका मृत्यूनंतर इमारती सील होत नाहीत.

अर्थिंग म्हणजे नेमके काय, याविषयी सुशिक्षित माणसांच्या मनातही एक गोड गैरसमज असतो. वीज ‘जमिनीत जाते’ आणि आपण वाचतो, असे आपल्याला शाळेत सांगितलेले असते. प्रत्यक्षात वीज जमिनीत जाऊन नाहीशी होत नाही. ती जेथून निघाली तेथे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल बिंदूकडे, परत जाऊ पाहते. फ्रिजच्या आतील तारेचे आवरण झिजून ती लोखंडी अंगाला टेकली, तर प्रवाह तिसऱ्या पिनेच्या हिरव्या तारेतून इमारतीच्या अर्थ इलेक्ट्रोडपर्यंत, तेथून मातीतून ट्रान्सफॉर्मरजवळच्या इलेक्ट्रोडपर्यंत आणि तेथून न्यूट्रलपर्यंत असा फेरा पूर्ण करतो. या फेऱ्यातील एकूण अडथळा पुरेसा कमी असेल तरच प्रवाह एवढा वाढतो की एमसीबी झटक्यात पडते. अडथळा जास्त असेल तर एमसीबीला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही.

आता थोडी आकडेमोड करू. वाचकांनी कंटाळू नये, कारण सगळा प्रश्न याच आकड्यांत आहे.

भारतीय मानक ब्यूरोची अर्थिंगविषयीची संहिता म्हणजे आयएस ३०४३. ती १९६६ साली आली, १९८७ मध्ये सुधारली गेली आणि २०१८ मध्ये पुन्हा सुधारली गेली. नळीचा इलेक्ट्रोड वापरायचा तर जस्तलेपित नळी किमान ४० मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मीटर लांबीची असावी. पत्रा वापरायचा तर तो किमान ६० बाय ६० सेंटिमीटरचा असावा, तांब्याचा असल्यास ३.१५ मिलिमीटर आणि लोखंडाचा असल्यास ६.३ मिलिमीटर जाड असावा, आणि त्याची वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर असावी, असे ही परंपरा सांगते. आपले वायरमन ‘खड्डा मारला’ म्हणतात तो हाच. त्यात कोळसा आणि मीठ यांचे थर घालण्याची पद्धतही तेथूनच आलेली.

परंतु तीच अडीच मीटरची नळी वेगवेगळ्या मातीत वेगवेगळी वागते. ओलसर चिकणमातीची विशिष्ट रोधकता दहा ओहम-मीटर धरली तर या नळीचा जमिनीशी रोध साडेतीन ओहमच्या आसपास येतो. शंभर ओहम-मीटरच्या साधारण मातीत तो पस्तीस ओहम होतो. आणि कोरड्या खडकाळ जमिनीत, जेथे रोधकता हजाराच्या घरात जाते, तेथे तो साडेतीनशे ओहम होतो. नळी तीच, खड्डा तोच, मजुरी तीच, वायरमनची सहीही तीच.

सुरत शहर तापीच्या गाळावर वसले आहे. नदी, भरती-ओहोटी आणि खाड्या यांच्यामुळे तेथील जमीन वर्षातील बराच काळ ओल धरून असते. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमाग, रंगाई-छपाई आणि साड्यांवरचे काम यांवर त्यांचे पोट आहे. त्यांतील लिंबायत, पर्वत पाटिया हा पट्टा मीठी खाडीच्या पुराशी परिचित आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तर शहराचा बहुतांश भाग बुडाला होता. अशा जमिनीत अर्थिंगचे माप पहिल्या वर्षी सुंदर येते. अडचण नंतर सुरू होते. ओल आणि क्षार हे रोध कमी करतात आणि त्याच वेळी लोखंड खातात. समुद्राच्या बाजूला, डुमस-हजिराकडे सरकावे तसे हे अधिकच. खड्ड्यात घातलेले मीठ त्या कामाला हातभारच लावते. काही वर्षांनी नळी जमिनीखाली कुजून तुटते, वर दिसणारा तुकडा आणि त्याला जोडलेली पट्टी मात्र जशीच्या तशी असते. पाहणाऱ्याला अर्थिंग ‘आहे’ असेच वाटते. शिवाय तळमजल्यावरील मीटर पुराच्या पाण्यात बुडतात, आणि पाणी ओसरल्यावर पुरवठा लवकर सुरू करण्याची घाई सर्वांनाच असते.

गोव्याची गोष्ट याच्या उलट आहे, आणि म्हणूनच ती आपण नीट समजून घेतली पाहिजे. गोव्यात दोन जमिनी आहेत. एक खाजनांची: खारट, चिखलाची, भरतीच्या पाण्याने भिजलेली. पणजीचा पाटो आणि सांतिनेझच्या खाडीकाठचा भाग, रायबंदरची बाजू यांची जात सुरतेशी मिळतीजुळती. तेथे माप चांगले येईल आणि लोखंड लवकर जाईल. दुसरी जमीन सड्याची. पर्वरीचा सडा, वेर्ण्याचा सडा, दोनापावलाचा उंचवटा: खाली जांभा, म्हणजे आपला चिरा. सच्छिद्र असल्याने तो पावसाचे पाणी शोषतो आणि खाली सोडून देतो. जुलैमध्ये भिजलेला चिरा एप्रिल-मेमध्ये खडखडीत कोरडा असतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गोव्यातील नवी वस्ती, संकुले, औद्योगिक वसाहती यांचा मोठा भाग नेमका या सड्यांवर उभा राहिला आहे.

सड्यावर साडेतीनशे ओहमच्या जमिनीत पाच ओहमचे अर्थिंग मिळवायचे झाले तर काय करावे लागेल? एकाच्या जोडीला दुसरी नळी पुरायची, मग तिसरी. दोन नळ्यांत त्यांच्या लांबीच्या किमान दुप्पट अंतर ठेवायचे, म्हणजे पाच मीटर. अशा सत्तर नळ्या लागतील. कोणताही बांधकाम व्यावसायिक सत्तर नळ्या पुरणार नाही, आणि पुरल्या असे कागदावर लिहून देणारा मात्र सहज सापडेल. बाजारात ‘केमिकल अर्थिंग’ या नावाने ज्या नळ्या विकल्या जातात, त्यांच्याभोवती भरलेली बेंटोनाइटसारखी माती ओल धरून ठेवते व रोध काही प्रमाणात उतरवते हे खरे. पण त्या मुठीएवढ्या मातीच्या पलीकडे पुन्हा चिराच असतो.

आणि पाच ओहम मिळाले तरी काय? येथे या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट येते. घरातील सॉकेटच्या सर्किटवर बहुधा १६ अँपिअरची ‘सी’ प्रकारची एमसीबी असते. ती खात्रीने तत्काळ पडण्यासाठी तिच्यातून दहापट, म्हणजे १६० अँपिअर प्रवाह जावा लागतो. २३० व्होल्टवर १६० अँपिअर जायचे तर पूर्ण फेऱ्याचा रोध दीड ओहमहून कमी हवा. पाच ओहमचा उत्तम इलेक्ट्रोडही त्यासाठी अपुरा आहे! पस्तीस ओहमच्या साध्या अर्थिंगवर, ट्रान्सफॉर्मरकडचे पाच ओहम धरून, प्रवाह येतो पावणेसहा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी तो दिवसभर सुखाने वाहू देईल. तेवढा वेळ फ्रिजच्या लोखंडी अंगावर दोनशे व्होल्ट उभे असतील आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले कोणीतरी त्याचे दार उघडायला हात घालील. छातीतून तीस मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह काही क्षण गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. पावणेसहा अँपिअर म्हणजे त्याच्या जवळजवळ दोनशेपट.

आगीचाही संबंध येथेच आहे. एमसीबीला न कळणारी ही गळती सैल सांध्यात, कार्बन धरलेल्या टर्मिनलवर, लाकडी फळीमागे किंवा फ्लेक्सच्या फलकामागे तासन्‌तास उष्णता निर्माण करत राहू शकते. म्हणूनच आगीचा धोका असलेल्या जागी ३०० मिलिअँपिअरवर पडणारे गळतीरोधक उपकरण बसवावे असे आंतरराष्ट्रीय मानके सांगतात; २३० व्होल्टवर तेवढा प्रवाह म्हणजे सुमारे ७० वॅट, एका जुन्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता.

मग उपाय कोणता? तो कायद्यात आहे. १९५६ चे भारतीय वीज नियम, २००३ च्या वीज कायद्यानंतर त्यांची जागा घेणारी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०१० ची सुरक्षा नियमावली आणि तिच्यानंतर आलेली २०२३ ची नियमावली, या साखळीत दोन तरतुदी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, वीजपुरवठा करणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत, मीटरजवळ हाताशी येईल अशा ठिकाणी, अर्थशी जोडलेले टर्मिनल पुरवावे व ते चांगल्या स्थितीत राखावे. म्हणजे अर्थिंग ही केवळ घरमालकाने खड्डा खणून उरकायची गोष्ट नाही. पुरवठादारही त्यात बांधील आहे. सुरतेत तो टोरेंट पॉवर असेल वा दक्षिण गुजरात वीज कंपनी, गोव्यात सरकारचे वीज खाते. दुसरी, लहान जोडण्या वगळता प्रत्येक संचमांडणीवर अर्थ-गळती संरक्षक उपकरण असावे. घरगुती जोडणीसाठी त्याची मर्यादा ३० मिलिअँपिअर.

बाजारात हे उपकरण आरसीसीबी म्हणून मिळते. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहाची ते सतत तुलना करते आणि तीस मिलिअँपिअरचा फरक पडताच पुरवठा तोडते. स्पर्शयोग्य व्होल्टेजची मर्यादा पन्नास धरली तर त्याला अर्थिंगचा रोध दीड हजार ओहमहून अधिक असला तरी चालतो. सड्यावरील साडेतीनशे ओहम त्याच्या दृष्टीने काहीच नाही. याचा अर्थ साधा आहे. खाजनात आरसीसीबी हे जादा संरक्षण असेल. पर्वरीच्या किंवा वेर्ण्याच्या चिऱ्यावर ते बहुतेक घरांसाठी एकमेव संरक्षण आहे. किंमत दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास. सदनिकेच्या दाराला लावलेले कुलूप कधीकधी याहून महाग असते.

तरीही ते घराघरांत नाही, आणि जेथे होते तेथूनही काढले गेले आहे. कारण पावसाळ्यात ते वारंवार पडते. भिंतीत ओल मुरलेली असते, बाहेरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी गेलेले असते, इन्व्हर्टर बसवताना कोणीतरी दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात. उपकरण आपले काम चोख करत असते. पण रात्री नऊ वाजता वीज गेलेली आणि पंखा बंद पडलेला घरमालक वायरमनला सांगतो, ‘हे काढ आणि सरळ जोड.’ वायरमन सरळ जोडतो. धाप लागते म्हणून धाप मोजणारे यंत्र फेकून द्यावे, तसा हा प्रकार.

एका नव्याकोऱ्या इमारतीतील सदनिकेत काही वर्षांपूर्वी राहायला गेलो असताना कपडे धुण्याच्या यंत्राला हात लावताच मुंग्या यायच्या. सॉकेटला तिन्ही भोके होती. प्लास्टिकचे झाकण काढून पाहिले तर हिरवी तार पिनेला नीट जोडलेली, पण दुसऱ्या टोकाला वितरण पेटीत ती कशालाच जोडलेली नव्हती. गुंडाळून एका बाजूला ठेवलेली होती. इमारतीला वीजजोडणी मिळताना परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडलेला असणारच, आणि त्यात अर्थिंगच्या रकान्यात एक सुबक आकडाही असणार. तो आकडा कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्राने मोजला हे विचारणारा मी पहिलाच रहिवासी निघालो, असे सोसायटीच्या चिटणीसांनी कौतुकाने सांगितले.

कौतुक करण्यासारखे त्यात काही नव्हते. उलट एक भीती होती, जी त्या दिवशी मला नीट समजली. संपूर्ण इमारतीला मिळून बहुधा एक-दोनच अर्थ इलेक्ट्रोड असतात आणि सर्व सदनिकांच्या हिरव्या तारा त्यांनाच मिळतात. तिसऱ्या मजल्यावरील एका घरात गीझर बिघडला, तेथे आरसीसीबी नाही आणि इलेक्ट्रोडचा रोध पस्तीस ओहम आहे, तर त्या गीझरवरील दोनशे व्होल्ट हिरव्या तारेच्या वाटेने इमारतीतील प्रत्येक फ्रिजच्या, प्रत्येक धुलाई यंत्राच्या अंगावर येतात. तुमच्या घरात आरसीसीबी असली तरी ती पडणार नाही, कारण हा प्रवाह तिच्यातून जातच नाही. तो मागच्या दाराने आलेला असतो. म्हणजे या बाबतीत शहाणपण एकट्याचे चालत नाही. प्रत्येक सदनिकेत उपकरण हवे, किंवा निदान इमारतीच्या मुख्य फलकावर शंभर वा तीनशे मिलिअँपिअरचे एक सामायिक उपकरण हवे. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर आणि वाहने उभी करण्याच्या जागेवर जो वेळ जातो, त्यातील दहा मिनिटे या विषयाला द्यायला हरकत नसावी.

जुन्या घरांची वेगळीच गंमत आहे, जर तिला गंमत म्हणायचे असेल तर. पूर्वी अनेक घरांत अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असे. पाण्याच्या पाइपाचा ग्राहकाचा इलेक्ट्रोड म्हणून वापर करू नये असे संहिता सांगते; तरीही रस्त्याखाली पसरलेले मैलभर लोखंड अपघाताने चांगले काम करून जाई. नंतर ते लोखंड जाऊन पीव्हीसी आले. घरमालकाने नळ बदलला आणि नकळत घराचे अर्थिंग काढून टाकले. याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाकण्याची युक्ती. टेस्टर दिवा दाखवत नाही, धक्का लागत नाही, सगळे ठीक वाटते. आणि वादळात खांबावरची न्यूट्रल तार तुटली की घरातील सर्व यंत्रांची अंगे एकदम जिवंत होतात.

रस्त्यावरही हेच. दिल्लीत जुलै २०२४ मध्ये पटेल नगरच्या पाण्याने भरलेल्या गल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण लोखंडी फाटकाला हात लागून मेला. त्याआधी जून २०२३ मध्ये नवी दिल्ली रेल्वे स्थानकाबाहेर पावसात एका शिक्षिकेने खांबाचा आधार घेतला आणि ती गेली. फाटक किंवा खांब अर्थशी नीट जोडलेला असता आणि मागे गळती ओळखणारे उपकरण असते, तर दोन्ही ठिकाणी पुरवठा सेकंदाच्या अंशात तुटला असता. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात पत्र्याच्या जाहिरात चौकटी, बाजारातील लोखंडी टपऱ्या, रोषणाईच्या माळा आणि चतुर्थीचे मंडप यांची संख्या आपण मोजलेली नाही. खांबावर काम करताना लाइनमन दगावल्याच्या बातम्याही येथे नव्या नाहीत.

बाहेरच्या जगाने या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आपल्या सड्यांसाठी फार उपयोगाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात दारूगोळ्याची कोठारे बांधली जात होती. वीज पडून ती उडू नयेत म्हणून चांगले अर्थिंग हवे होते, आणि कोरड्या वाळवंटात नळी पुरून ते मिळत नव्हते. हर्बर्ट उफर या अभियंत्याने पायाच्या काँक्रीटमधील लोखंडी सळयांनाच इलेक्ट्रोड केले. काँक्रीट जमिनीतील ओल धरून ठेवते, विजेला वाट देते आणि आतल्या लोखंडाला गंजापासून जपते. शिवाय पायाचा जमिनीशी संपर्क एका नळीच्या कितीतरी पट असतो. अनेक वर्षांनी पुन्हा मोजमाप केल्यावरही ती मापे टिकून होती. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वीज संहितेने ही पद्धत स्वीकारली. आज तेथे नव्या इमारतीच्या पायात अशी सुमारे वीस फूट सळई उपलब्ध असेल तर ती जोडणे बंधनकारक आहे, आणि एकट्या नळीचा रोध पंचवीस ओहमहून जास्त आला तर दुसरी पुरावी लागते. जर्मनीत नव्या इमारतींना पायातील इलेक्ट्रोड हा नियमच आहे.

आपल्याकडे हे तंत्र अज्ञात नाही. मोठ्या प्रकल्पांत, उपकेंद्रांत ते वापरले जाते. सुरतेत डिसेंबर २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या हिरे बाजाराच्या भव्य संकुलासारख्या इमारतींना सल्लागार अभियंते असतात, मोजमापे होतात. प्रश्न तीन-चार मजली इमारतींचा आहे, ज्यांत तळमजल्यावर दुकाने, मध्ये सदनिका आणि वर शिकवणी वर्ग असतात. पंधरा मीटरहून उंच इमारतीला पुरवठा सुरू होण्यापूर्वी विद्युत निरीक्षकाला पूर्वसूचना देण्याची तरतूद आहे. त्याहून बुटक्या इमारती कंत्राटदाराच्या अहवालावर आणि स्वयंप्रमाणनावर चालतात. म्हापसा, फोंडा, मडगाव येथील शिकवणी वर्ग ज्या इमारतींत भरतात, त्यांची उंची वाचकांनी एकदा नजरेने मोजावी.

पायातील इलेक्ट्रोडची एकच अट आहे: तो काँक्रीट ओतण्यापूर्वी करावा लागतो. सळया वेल्ड करून किंवा क्लॅम्पने जोडून एक पट्टी बाहेर काढून ठेवायची, एवढेच काम. त्या टप्प्यावर खर्च नगण्य. पाया बुजल्यावर तो लाखो रुपये देऊनही होत नाही. गोव्याच्या २०१० च्या बांधकाम नियमावलीनुसार परवाने दिले जातात, बांधकाम पूर्ण झाल्याचा आदेश निघतो, पंचायत किंवा पालिका वापराचा दाखला देते. या प्रवासात पायाच्या टप्प्यावर सळयांच्या जोडणीचे छायाचित्र आणि अभियंत्याची सही मागणारी एक ओळ घालणे हे कोणत्याही सरकारला एका अधिसूचनेत जमण्यासारखे आहे. तिच्या जोडीला, जुन्या जोडणीचा भार वाढवून मागताना किंवा नाव बदलताना आरसीसीबीची पाहणी अनिवार्य करता येईल. वीज खात्याकडे मनुष्यबळ कमी आहे हे मान्य. पण मीटर वाचायला माणूस घरोघरी जातोच. आरसीसीबीवर चाचणीचे बटन असते. ते दाबले की वीज जायला हवी. एवढे पाहायला अभियंता लागत नाही.

सुरतेच्या त्या इमारतीनंतर गोव्यातही शिकवणी वर्गांच्या जिन्यांविषयी पालकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते योग्यच झाले. त्याच पालकांनी मुलाला वर्गात घालताना मुख्य स्विचच्या पेटीत आरसीसीबी आहे का, आणि अर्थिंगचे शेवटचे माप केव्हा घेतले, हे दोन प्रश्न जोडावेत. उत्तरात तारीख मिळाली तर महिना पाहावा. १९५६ च्या नियमांत पुरवठादाराच्या अर्थिंगची चाचणी ‘कोरड्या ऋतूतील कोरड्या दिवशी’ घ्यावी असे लिहिले होते आणि त्या मापाची नोंद ठेवून ती निरीक्षकाला दाखवण्याचे बंधन घातले होते. ऑगस्टमध्ये, सडा पाण्याने तुंबलेला असताना घेतलेले माप चांगलेच येते. एप्रिल-मेमध्ये त्याच खड्ड्याशी यंत्र लावले की खरा आकडा दिसतो, आणि तक्षशिलेची आग लागली तोही महिना मेच होता.